अवफुलचा भारा

उत्तसिनचं माहेर उटीच्या डोंगरातलं, सासरही तिथलंच. देवानं तिला काही कमी केलं नव्हतं. पण धाकटी बहीण पिलसिन पलीकडच्या टेकडीवर दिली होती, आणि त्या वस्तीच्या देवळाचं छप्पर इथून दिसायचं. तोडा लोकांचं देऊळ अवफुल गवतानंच शाकारतात, दुसरं चालत नाही. पिलसिनच्या दलदलीत ते अजून उगवत होतं. उत्तसिनच्या वस्तीवर निलगिरीची झाडं लावली, पाणी आटलं, गवत संपलं. देऊळ काळं पडून गळायला लागलं. शालीवर भरतकाम करताना तिची नजर पलीकडे जाई, आणि टाका उसवावा लागे.

एकदा सरपणाला गेली असताना झऱ्याकाठच्या घळीत तिला अवफुल दिसलं. नवऱ्यालाही बोलली नाही; तो पहिला साडूकडे धावला असता! काट्यांचं कुंपण घातलं, आपल्याच म्हशी हाकलल्या. देवळापुरतं वाढू दे, मग बघतील पलीकडचे.

यंदा शाकारणीच्या सणाआधी जाऊन पाहते तर घळीत झुडपं माजलेली. मधोमध जेमतेम एक भारा गवत, त्यात अख्खं देऊळ कुठलं शाकारून होतंय.

त्याच आठवड्यात पिलसिन आली. रीतीप्रमाणे वाकली. उत्तसिननं तिच्या डोक्यावर आशीर्वादाचं पाऊल टेकवलं, जरा जास्तच वेळ.

"पुरे गं अक्का, मान मोडशील! शाकारणी अडलीय आमची. शेंड्याला एक भारा कमी पडतोय."

"तुम्हाला? तुमच्याकडे तर सोनं पिकतं ना?"

"टोमणे नंतर मार. आमचंही संपत आलंय. देव उघड्यावर आहे. कुठं दिसलं असेल तर सांग."

उत्तसिननं पलीकडच्या छपराकडे पाहिलं. सांगावं तर हिचं छप्पर पुरं होणार. न सांगावं तर पावसात देव भिजणार, आणि पलीकडचा असला तरी तो देवच.

"आहे एक भारा," ती शेवटी म्हणाली. "कुंपण घालून जपलाय. म्हशीचं तोंड लागू दिलं नाही."

पिलसिननं कपाळावर हात मारला. "अगं बाई! म्हशींनी चरल्या-तुडवल्याशिवाय अवफुल टिकतं का? झुडपं गिळतात त्याला. तूच घालवलंस की!"

धाकटीचंच खरं निघालं, हे त्या गवतापेक्षा जास्त लागलं.

"भारा ने," उत्तसिन म्हणाली. "पण पाऊस लागला की तुझ्याकडची मुळं द्यायची, टोपली भरून. घळीत लावणार मी. आणि चरतील त्या आमच्या म्हशी."

"मग माझ्या कशाला पाठवू मी?"

पलीकडच्या पुरुषांनी भारा कापून नेला. बायकांनी देवळाजवळ जायचं नसतं, म्हणून शाकारणी झाल्यावर दोघी टेकडीवरून बघत उभ्या राहिल्या.

"छान दिसतंय ना, अक्का?"

उत्तसिननं मनोमन हात जोडले, मग नीट निरखून पाहिलं.

"शेंडा छान आहे," ती म्हणाली. "खालचं चालेल."