सातव्या लॉकवर कोण होतं

चार वर्षं हे माझ्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. गेल्या रविवारी घरातल्या दोघांना सांगितलं. आता तुम्हाला सांगते.

आम्ही अमेरिकेत, ईडन प्रेरीत राहतो. मी, माझा नवरा समीर आणि त्याचे वडील, नाना. नाना पुण्याला पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. सासूबाई गेल्यावर इकडे आले. इंग्लंडमधल्या एखाद्या कालव्यावर आठवडाभर बोट घेऊन राहायचं, ही त्यांचीच हौस. चार वर्षांपूर्वी तिघेही गेलो.

तिथे एका उतारावर ओळीने अकरा लॉक्स होती. लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, झडपा उघडून पाणी सोडायचं, बोट खाली उतरते. मग पुढचा हौद. आणि निघताना झडपा बंद करायच्या — नानांनी आम्हाला हे दहा वेळा सांगितलं होतं. समीर बोट चालवत होता. नाना आणि मी काठाने चालत झडपा सांभाळत होतो.

सातव्या लॉकवर नाना म्हणाले, "तू इथलं बघ, मी पुढचं तयार करतो." ते गेले. बोट बाहेर पडली, मी दार ढकललं — आणि ऑफिसचा मेसेज आला. तो वाचत वाचत मी चालू लागले. झडपा उघड्याच.

वरचं दार जुनं, गळकं. दोन तासांत कालव्याच्या वरच्या टप्प्यातलं सगळं पाणी त्यातून वाहून गेलं आणि मागून येणारी एक बोट चिखलात कलंडली. कालव्यावरचा एक माणूस सायकलवरून आम्हाला गाठायला आला. "सातव्यावर शेवटी कोण होतं?"

मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी काय म्हणाले? "नाना होते."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग त्या माणसाला म्हणाले, "सॉरी. माझ्याकडूनच राहिलं असेल."

मला पाठीशी घालताहेत, असं मी स्वतःला सांगितलं. सोयीचं होतं ना ते? पण परत आल्यावर समीरने त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं. मेमरी टेस्ट झाल्या. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. समीरला पटलं नाही — नानांनाही नाही. ते गॅस तीन-तीनदा बघायला लागले. लायब्ररीत जायचं तरी आमची वाट बघत बसायचे. मी रोज बघत होते. एक वाक्य — तेवढंच तर बोलायचं होतं.

रविवारी पोहे खाताना ते म्हणाले, "समीर, माझ्यासाठी एखादं सीनियर होम बघून ठेव. माझा मलाच भरवसा नाही राहिला."

"नाना," मी म्हणाले, "सातव्या लॉकवर तुम्ही नव्हतात. मी होते. झडपा मी उघड्या ठेवल्या, आणि खोटंही मीच बोलले."

समीरने चमचा खाली ठेवला. नाना माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "म्हणजे मी पुढे गेलो होतो, ते खरं?"

"खरं."

"मला तसंच आठवत होतं गं. पण तू म्हणालीस, म्हणून वाटलं, आपलंच डोकं गेलं."

समीर माझ्याशी कामापुरतं बोलतो. नाना त्या विषयावर पुन्हा काही बोललेले नाहीत. बुधवारी ते स्वतः गाडी चालवत लायब्ररीत गेले, दुपारी तीन पुस्तकं घेऊन आले. मला हलकं वाटतंय — खूप हलकं. खोटं कशाला सांगू? पण त्यांची चार वर्षं मी खाल्ली.