मोहाखालचा पाला

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. बुढीला, माझ्या बायकोला, जाऊन दहावा महिना लागला होता.

देवरीच्या पुढं, डोंगराच्या पोटात आमचं खोरं. माझ्या बापाच्या वेळी तिथं वीस-बावीस घरं होती. शाळेसाठी, दवाखान्यासाठी एकेक घर सडकेलगत राहायला गेलं. मी हललो नाही. गेलेल्या घरांची मोहाची झाडं मी अजून त्या-त्या घराचीच म्हणून ओळखतो. फुलं वेचायला कोणी येत नाही.

मोह गळायच्या आधी झाडाखालचा पाला जाळायचा, म्हणजे काळ्या भुईवर पिवळं फूल दिसतं. बाप जाळत होता, मीही जाळत होतो. बुढी मात्र आमच्या झाडाखाली खराट्यानं झाडायची. कारण वरच्या अंगाला मोहाचं एक रोप आपसूक उगवलं होतं, कमरेएवढं. भोवती दगड मांडून ती त्याला जपायची.

मी हसायचो, "याची फुलं वेचायले तू जित्ती राहशीन का?"

"मी नाही राहिली तं तुम्ही वेचा."

त्या फाल्गुनात जंगलाची गार्डबाई आली. "बाबाजी, आग नका लावू. झाडून घ्या. खोऱ्यात एक तरी तरणा मोह दिसते का? दरसाल रोपं जळून राहिली."

"मी काऊन झाडू? बायकायचं काम आहे ते. काल जन्मली अन् मले जंगल शिकवून राहिली!"

ती गेली आणि मी काडी ओढली. दुपारी वारा फिरला. आग पाल्यावरून सरसर वर चढली. ओल्या फांदीनं बडवली, हाका मारल्या. हाकेला यायला होतं कोण? आग पुढं नाल्याच्या दगडांवर आपली आपण विझली. बुढीच्या दगडांमध्ये एक काळी काडी उभी होती.

संध्याकाळी धूर पाहून गार्डबाई परत आली. "कोणं लावली?"

वणवा पलीकडून आला, असं सांगता आलं असतं. "मीच. लिहून घे," म्हटलं.

तिनं लिहिलं नाही. खाली बसून त्या काडीच्या बुडातली माती बोटानं उकरली. "मूळ जित्तं आहे. फुटन. पण पुन्हा जळलं तं नाही."

त्या दिवशी मी चूल पेटवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वळचणीतला बुढीचा खराटा काढला. रातभर वरून नवा पाला गळला होता. रोपाभोवती झाडलं, आमच्या मोहाखाली झाडलं, मग शेजारच्या गेलेल्या घराच्या मोहाखालीही झाडलं.