चंद्रभागेच्या वाटणीची आंबील

आंबेनळी घाटाखालच्या त्या वाडीत चंद्रभागा लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. बरोबर एक ट्रंक, दोन चांगली पातळं आणि फडक्यात गुंडाळलेलं एक काळं मडकं. मडक्याच्या तळाला बोटभर आंबील होती, माहेरच्या चुलीवरची. नाचणीचं पीठ पाण्यात कालवायचं, त्यात ही जुनी आंबील घालायची आणि रात्रभर आंबू द्यायची. सकाळी आधणात सोडून घोटत राहायचं. निवली की मीठ, ठेचलेली लसूण, असलंच तर ताक. आणि दर खेपेला तळाशी बोटभर आंबट राखून ठेवायचं, उद्यासाठी. सासूने, सोनाबाईने, फडकं उचलून बघितलं, पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "हा वास माज्या घरात नको गो. माघारी ठेव, लाकडांच्या पाठी."

तेव्हापासून ते मडकं लाकडांच्या पाठी.

त्या घराला भाताचा भारी तोरा होता. ओढ्याकाठी चार खाचरं काय ती होती, पण मिजास अशी की जणू सगळं पोलादपूर ह्यांच्याच तांदळावर जगत होतं. घरातल्या पुरुषांना भात, पाव्हण्यांना भात, सोनाबाईला भात. डोंगरउतारावर वरकस जमीन होती, तिथे नाचणी व्हायची. ती कुणीतरी खायला हवी, म्हणून सुनेने. पाव्हणे आले की चंद्रभागा आपली वाटी घेऊन मागच्या दाराशी बसायची. एकदा तिचा मुलगा सुशांत, चारेक वर्षांचा, पंगतीतून उठून तिच्याकडे आला आणि त्याने वाटीला तोंड लावलं. नवऱ्याने, गोमाजीने, त्याला दंडाला धरून उचललं. "भात खा. नाचणी आयला खाऊ दे," तो म्हणाला. पोराच्या ओठावर आंबिलीची मिशी तशीच होती.

आता खरं सांगायचं तर चंद्रभागेला ह्याचं दुःख नव्हतं. आधी होतं, मग ते सरलं. त्या घरात तिच्या मालकीचं असं काही नव्हतं. दागिना सासूच्या पेटीत, पोरगा आजीच्या मांडीवर, नवरा कुणाचाच नाही. पण आंबील तिची होती, कारण ती कुणालाच नको होती. सकाळी वरकसावर जायच्या आधी ती दोन वाट्या पिऊन निघायची आणि दुपारपर्यंत भूक म्हणून आठवायची नाही. उन्हाळ्यात मडक्याच्या पोटाला हात लावला की गार लागायचं. त्या गारव्यासाठी ती मनातल्या मनात सकाळची वाट बघायची, एवढं तिला ते प्रिय होतं.

एकवीस सालच्या जुलैत, तळीये गावावर डोंगर कोसळला त्याच पावसात, ह्यांच्या वरकसाचा अर्धा उतार खाली घसरला. माणूस कुणी गेलं नाही, नाचणी गेली. उरल्या तुकड्यात वर्षाला एक पोतं निघू लागलं. सोनाबाई म्हणाली, "बरं झालं, कटकट मिटली." चंद्रभागेला एक पोतं पुरत होतं. ती एकटीच खाणारी होती.

मग दोन वर्षांनी शाळेत साखर तपासायचं शिबिर भरलं. गावची आशाताई अनुपमा घरोघर फिरून सगळ्यांना घेऊन गेली. तीन महिन्यांची साखर एकदम सांगणारी तपासणी होती. सोनाबाईची निघाली सहा पॉइंट तीन, गोमाजीची सहा पॉइंट एक. महाडहून आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मधुमेह अजून नाही, पण तुम्ही अगदी काठावर उभे आहात. सुशांत तेव्हा बिरवाडीला खोली घेऊन कारखान्यात कामाला होता. त्याचीही कारखान्याच्या तपासणीत पाच पॉइंट नऊ निघालेली. आणि चंद्रभागेची पाच पॉइंट दोन, अगदी निर्धोक.

"काय खाता हो तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

चंद्रभागेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळी वाडी बसलेली. "आंबील," ती खाली बघून म्हणाली, "नाचणीची."

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. ह्या मावशींकडून शिका म्हणाल्या, सगळ्यांदेखत. पुढे असंही म्हणाल्या की आंबील ही काही जादू नाही. भात अर्ध्यावर आणा, त्याच्या जागी नाचणी घ्या, रोज चाला, आणि परत तपासायला या. पण ते ऐकायला कोण बसलंय? लोक चपला शोधायला लागले होते. चंद्रभागा मात्र घरी येईपर्यंत तरंगत होती. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडे बोट दाखवून चांगलं बोललं होतं. त्या चांगल्या बोलण्यानेच तिचा घात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मडकं लाकडांच्या पाठून स्वयंपाकघरात आलं. सोनाबाईने स्वतः आणवलं. बत्तीस वर्षं पदर नाकाला लावणारी ही बाई मडक्यात नाक घालून म्हणाली, "काय झ्याक वास हाय!" चंद्रभागेने तीन वाट्या भरल्या. सासूने एक स्वतः घेतली, एक गोमाजीपुढे सरकवली, आणि तिसरी पुन्हा मडक्यात ओतली.

"तुला कशाला गो? तुजी साखर बरोबर हाय. औषाद काय निरोग्यानं खायचं असतं?"

"आत्याबाय, पण मी सकाळी दुसरं काय..."

"रेशनचा तांदूळ हाय की. चांगला पांढराफेक हाय. खा पोटभर."

बघा कशी न्यायाची माणसं! बत्तीस वर्षं भात हिच्यापेक्षा मोठा होता, आता आंबील मोठी झाली. हिची पायरी तीच.

नाचणीचं पोतं सासूच्या खाटेखाली गेलं. रोज ती मूठ मोजून पीठ काढून द्यायची. सुशांत दर सुट्टीला यायचा आणि दोन बाटल्या भरून न्यायचा. ते कारखान्यातल्या मित्रांना 'आयुर्वेदिक प्रोबायोटिक' म्हणून पाजायचा आणि भाव खायचा. आईने पीठ कालवावं, घोटावं, निववावं, बाटल्या गाळून भराव्यात. एकदा घोटून झाल्यावर तिने पळीला लागलेली आंबील चाटली. गोमाजी दारात उभा होता. तो हसला आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या माणसांना ओरडून म्हणाला, "आमच्या बायलीला बगा, औषादाची पळी चाटते मांजरावानी!" माणसं हसली. त्यानंतर तिने आंबिलीचं पातेलं विसळलेलं पाणी प्यायला सुरुवात केली, पण तेही सोनाबाईच्या ध्यानात आलं. ते पाणी म्हशीला घालायचं ठरलं. दूध वाढतं म्हणे.

आणि औषध घेणारे कसं घेत होते? भात एका शिताने कमी झाला नव्हता. भाताचा ढीग संपवायचा आणि वर वाटीभर आंबील प्यायची, म्हणजे भात माफ. गोमाजीला ती आंबट लागायची, म्हणून त्यात गुळाचा खडा. चंद्रभागा एकदा म्हणाली, "डॉक्टरीण तर भाताच्या बदली म्हणाली व्हती." गोमाजीने वाटी खाली ठेवली. "बापाच्या घरनं मडकं आणलंस, आता डॉक्टर पण झालीस काय?"

तिचं मात्र बिनसत चाललं होतं. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. अकरा वाजता वरकसावर तिचे हात थरथरायचे, भूक लागायची, घरी येऊन ती आणखी भात खायची आणि झापड यायची. सासू म्हणायची, वय झालं, आळस भरलाय अंगात. सुशांत म्हणायचा, "आई, वजन बघ जरा. वॉक कर." जी बाई रोज डोंगर चढत होती तिला हा सल्ला.

दोन वर्षांनी पुन्हा शिबिर भरलं. सोनाबाईची सहा पॉइंट चार, गोमाजीची सहा पॉइंट तीन. अनुपमाने चंद्रभागेचा कागद पाहिला आणि तिला बाजूला घेतलं. "काकी, हे कसं झालं? तुमची सहा निघाली. तुम्ही पण काठावर आलात. आंबील सोडली की काय?"

चंद्रभागेने कागद हातात घेतला. आणि सांगायला लाज वाटते, पण तिला आनंद झाला. लख्ख आनंद. आता तीही आजारी होती. आता तिचा हक्क लागत होता. वाटेत तिने कागद दोनदा उघडून पाहिला. उद्या सकाळी तीन वाट्या, आणि तिसरी कुणी मडक्यात ओतणार नाही. लसूण जरा जास्त ठेचायची, हेही तिने ठरवून टाकलं. मडक्याचा गारवा तिला तळहाताला आत्ताच लागत होता.

घरी सोनाबाई आणि गोमाजी आधीच पोचले होते. सुशांतही आला होता, बाटल्या घेऊन. चंद्रभागेने पदराखालून कागद काढला. "आत्याबाय, मला पन निगाली," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर हसू होतं.

"किती?"

"सहा."

सोनाबाईने नातवाकडे बघितलं. सुशांतने कागद वाचला आणि मान डोलावली. अन्याय करायचा म्हातारीचा मुळीच इरादा नव्हता.

"माजी सहा पॉइंट चार. ह्याची सहा पॉइंट तीन. तुजी निसती सहा," ती म्हणाली. "पोतं एकच हाय गो. ज्याची जास्त त्याला आदी. तुजी आमच्याइतकी झाली म्हंजे बगू."

"बरोबर आहे आई," सुशांत म्हणाला, "तू अजून कंट्रोलमध्ये आहेस." आणि त्याने बाटल्या पुढे केल्या.

चंद्रभागेने बाटल्या भरल्या. तळाशी बोटभर आंबट राखलं. मग सगळ्यांना वाढलं, त्यांचं जेवण होईपर्यंत थांबली, आणि स्वतःचं ताट घेऊन मागच्या दाराशी बसली. ताटात भात होता. तो तिने संपवला. पोट भरलं होतं, घशाशी आलं होतं. पुढचं शिबिर दिवाळीनंतर, अनुपमा म्हणाली होती. चंद्रभागेने बोटांवर महिने मोजले, पातेलं जवळ ओढलं, आणि आणखी भात वाढून घेतला.