खरखरीसकट चालेल

सव्वा महिना झाला. दादरला चष्म्याच्या दुकानात होतो, तेवढ्यात सुनंदावहिनींचा फोन आला. ‘भावजी, हे गेले...’ एवढंच. माझा चाळीस वर्षांचा मित्र सदानंद परब गेला होता, आणि मी वेड्यासारखा दुकानदाराला विचारत राहिलो, काच कधी मिळेल?

सदा लालबागच्या चाळीत राहायचा. दहा बाय बाराच्या खोलीत त्यानं पाच स्पीकर बसवले होते, मागचे दोन पोटमाळ्याला टांगून. जुन्या सिनेमाची नवी ब्लू-रे डिस्क आली की पंखा बंद, शेजारच्या मिक्सरला विनंती, आणि हा डोळे मिटून बसणार. मी घामाघूम. ‘अरे, चित्र झकास आहे की,’ मी म्हणायचो. ‘चित्र चकाचक करतात रे, आवाज मात्र उरलासुरला वाढतात. मला पूर्ण थाळी पायजे.’

या हट्टाला कारण होतं. सदा आठ वर्षांचा असताना त्याची आई गेली. एका जुन्या मराठी सिनेमातल्या गाण्यात कोरसच्या सहा बायकांत ती होती, तेवढाच तिचा आवाज उरलेला. त्यातली एकजण ओळीआधी जरा घाईनं श्वास घेते. वडील सांगायचे, ‘ती तुझी आई. तिला सगळीकडेच घाई.’ त्या सिनेमाची डिस्क निघाली तेव्हा सदानं चाळीत पेढे वाटले. लावून बघतो, तर श्वासच नाही! साठीचा माणूस, माझ्यासमोर ढसाढसा रडला.

त्यानं डिस्कच्या कंपनीला कडक पत्र पाठवलं : श्वास गायब, शिवाय सगळा आवाज गोधडीतून आल्यासारखा. पत्र टाकून घरी येतो, तर गणपतीच्या साफसफाईत वहिनींनी स्पीकरांना चढवलेले जाडजूड अभ्रे दिसले! ते काढल्यावर आवाज मोकळा झाला. श्वास मात्र नव्हताच. खरखर पुसताना तोही पुसला गेला होता. मग दुसरं पत्र : ‘गोधडी आमच्याच घरची होती, माफ करा. पण माझ्या आईचा श्वास तुमच्याकडे आहे, तो द्या. खरखरीसकट चालेल.’ उत्तर आलं नाही. मी म्हटलं, सोड रे. तर म्हणतो कसा, ‘माफी मागणाऱ्याचं पत्र लोक शेवटपर्यंत वाचतात.’

गेल्या आठवड्यात कंपनीकडून सदाच्या नावानं त्या डिस्कची नवी आवृत्ती टपालानं आली. साफ केलेल्या आवाजाबरोबर या वेळी मूळ आवाजही वेगळा दिलेला. वहिनींनी मला बोलावून घेतलं. गाणं सुरू झालं. खरखर... आणि ओळीआधी तो घाईचा श्वास, अगदी स्पष्ट. मला रडू आवरेना. वहिनी मात्र हसत होत्या. त्या लग्न होऊन या खोलीत आल्या, तेव्हा सासूला जाऊन वर्षं लोटली होती.

‘भावजी,’ त्या म्हणाल्या, ‘सासूबाई आज पहिल्यांदा घरात आल्या.’