न विचारता घेतलेला वानप्रस्थ

आमचा मुलगा मराठी बोलतो, पण वाचत नाही. दोन ओळी झाल्या की त्याला जांभई येते, म्हणून हे सगळं निर्धास्तपणे लिहिते आहे. त्याच्या बाबांना वाचता येतं, पण बायकोचं अक्षर आपल्याला लागत नाही, असं त्यांनी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात जाहीर करून टाकलं होतं.

आम्ही देवासचे. हे वीज खात्यात इंजिनियर होते, मी हिंदी शाळेत गणित शिकवायचे. यांचा देवावर विश्वास नाही. नुसता नाही असं नव्हे, अगदी सोवळ्यातला नाही. आमच्या गच्चीवरून माताजींची टेकरी समोर दिसते, तर यांनी आपली खुर्ची कायमची पाठमोरी मांडली. प्रसादाचा पेढा कुणी दिला की "ही मिठाई आहे" असं मोठ्याने म्हणून मगच तोंडात टाकायचे. इतकं कर्मकांड मी एखाद्या भटजींच्या घरीही पाहिलं नाही.

माझी मैत्रीण धारला. इंदूरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. तिचं लग्न एका जुन्या दरबारी घराण्यात झालं. दरबार केव्हाच गेला होता, उरलं होतं घरामागचं दत्ताचं छोटंसं देऊळ. तिचे यजमान, त्यांना मी भावजी म्हणते, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि दोन्ही वेळा दत्ताची आरती करायचे. दोन्हीकडे पाठांतर पक्कं हवं, शंका विचारायची नाही.

नवरात्रात ते दोघं देवासला येत, श्रावणात आम्ही धारला जात असू. भावजी टेकरी चढून उतरले की हे पायथ्याशी कचोरी खात उभे असायचे. "क्यों भिया, मिलीं माताजी?"

"मिलीं. तुझी चौकशी करत होत्या."

तिथून जो वाद सुरू व्हायचा तो जेवणापर्यंत. अठ्ठावीस वर्षांत देव आहे की नाही याचा निकाल लागला नाही. आम्ही दोघी तेवढ्या वेळात पुरणपोळ्या करायचो. पुरण आहे की नाही, असा वाद आमच्यात कधी झाला नाही.

भावजी रिटायर झाले आणि सहा महिन्यांनी दत्तजयंती आली. देवळाच्या अंगणात महाप्रसादाची पंगत बसली होती. नातलग, शेजारी, त्यांचे जुने विद्यार्थी. पहिला भात झाल्यावर भावजी उठले, हात जोडले आणि म्हणाले, "आजपासून मी वानप्रस्थ घेतो आहे. देवळामागच्या खोलीत राहीन, एक वेळ जेवीन. घर, संसार, सगळं हिच्या स्वाधीन."

लोकांचे डोळे पाणावले. दोघा-तिघांनी उष्ट्या हातांनीच नमस्कार केला. मैत्रीण आमटीचं पातेलं घेऊन दुसऱ्या रांगेत उभी होती. तिलाही ही बातमी तेव्हाच कळली. फरक इतकाच की बाकीचे बसलेले होते.

दुसऱ्या दिवशी इंदूरला बस बदलून ती देवासला आमच्या दारात आली. हातात एक बॅग. पाणी प्यायली आणि म्हणाली, "सगळ्यांनी पाया पडून घेतलं. आता मी भांडले तर संताला छळणारी बायको म्हणून माझं नाव लागेल."

"तुला आधी काहीच बोलले नाहीत?"

"आदल्या दिवशी विचारलं होतं, तूर डाळ किती भिजवायची."

आमच्या यांना इतका आनंद झालेला मी मुलगा झाला तेव्हाही पाहिला नव्हता. अठ्ठावीस वर्षांच्या वादाचा निकाल बॅग घेऊन आपल्या पायांनी घरी चालत आला होता. रोज सकाळी पोह्यांबरोबर व्याख्यान. श्रद्धा माणसाला कशी आंधळी करते, धर्म बायकांना कसा मोजत नाही. ती बिचारी नवरा सोडून आली होती ती शांतता मिळावी म्हणून, आणि तिला मिळालं समाजप्रबोधन.

आठव्या दिवशी ती मटार सोलत बसली होती. हे म्हणाले, "वहिनी, एवढा मोठा निर्णय, आणि बायकोला विचारायची पद्धत नाही? मी असतो तर..."

"भाऊसाहेब," ती शेंगांतून मान वर न काढता म्हणाली, "हिच्या माहेरचे देव कुठे आहेत हो?"

लग्नात आईने मला अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण दिले होते. देवासला आल्यावर हे म्हणाले होते, "आपल्या घरी देव नसतात." आपल्या! मला येऊन तेव्हा चार दिवस झाले होते. मी दोन्ही मूर्ती शालूच्या घडीत ठेवल्या. दर चैत्रात हे ऑफिसला गेले की काढायच्या, पुसायच्या, परत ठेवायच्या. हे फक्त तिला ठाऊक होतं.

"दिले असतील कुणाला तरी," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "दिलेस ना?"

"कपाटात आहेत," मी म्हटलं. "आणि नाही, मला विचारलं नव्हतं."

त्या दिवशीचं व्याख्यान लवकर आटोपलं. दोन दिवस हे गच्चीवर राहिले. मैत्रीण कावरीबावरी झाली. "मी जाते गं. माझं रडगाणं घेऊन आले आणि तुझ्या घरात आग लावली."

"बस तू," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्या दोन दिवसांत फार बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी यांनी गाडी काढली. "चला, धारला." कशाला, ते सांगितलं नाही. न सांगायची सवय एका दिवसात थोडीच जाते.

देवळामागच्या खोलीत भावजी चटईवर बसले होते. धोतर पिवळं पडलेलं, दाढी वाढलेली. एकभुक्त राहायचं म्हणून रोज एकच डबा यायचा, आळीपाळीने, एक दिवस चुलत भावजयीकडून, एक दिवस शेजारच्या काकूंकडून. संसार सोडून राहता येतं, फक्त कुणातरी बाईला आपला संसार चालू ठेवावा लागतो. आम्ही पोचलो तेव्हा एक नवरा-बायको त्यांच्याकडून सुखी संसाराबद्दल उपदेश घेऊन निघत होते.

हे आत गेले. आम्ही दोघी बाहेर पायरीवर बसलो. दार उघडंच होतं.

"तू वहिनींना विचारलं का नाहीस?"

मला वाटलं, आता देव निघणार. निघाला नाही.

"विचारलं असतं आणि ती नाही म्हणाली असती तर?" भावजी म्हणाले.

"तर घरी राहिला असतास."

"म्हणूनच नाही विचारलं." मग भावजींचा आवाज बदलला. "कॉलेज सुटलं यार. सकाळी आंघोळ करून तयार व्हायचो आणि जायचं कुठे तेच नाही. इथे चार माणसं येतात, सर म्हणतात, नमस्कार करतात. दत्तासाठी आलो की याच्यासाठी, खरंच सांगता येत नाही."

"मी पण हिला कधी विचारलं नाही रे," हे म्हणाले. इतक्या हळू की पायरीवर मला कान देऊन ऐकावं लागलं.

मैत्रीण पदराला डोळे पुसत उठली आणि आत गेली. मला वाटलं आता गळाभेट. ती म्हणाली, "ते धोतर आणा इकडे. धुणार नाही मी. कसं धुतात ते दाखवते."

पुढच्या गुरुवारी तिने त्याच सगळ्या लोकांना आरतीला बोलावलं. आम्हीही होतो. भावजींना सगळ्यांसमोर विचारावं लागलं, "मी दिवसभर देवळात बसेन. जेवायला, झोपायला घरी येईन. चालेल का?" लोक कौतुकाने तिच्याकडे बघत होते, डोळे पाणावायची तयारी करून.

"विचार करून सांगते," ती म्हणाली आणि प्रसाद वाटायला लागली.

तिने चार दिवस घेतले. भावजींनी ते चार दिवस कसे काढले ते दत्तालाच ठाऊक. मग हो म्हणाली, पण महिन्यातले आठ दिवस आपण धारला नसू आणि कुठे आहोत हे विचारायचं नाही, या अटीवर. ती आमच्याकडेच असते. भावजींनाही ते माहीत आहे, पण विचारत नाहीत. वानप्रस्थात शिकण्यासारखं तेवढंच शिकले.

त्या गुरुवारी आरतीहून परत येताना वाटेतल्या घाटाबिल्लोद गावाच्या पुढे यांनी एकदम विचारलं, "घरात देव मांडायचे आहेत का तुला? तू म्हणशील तिथे."

या प्रश्नाचं उत्तर मी एकोणतीस वर्षं तयार ठेवलं होतं. अगदी सणसणीत. आणि वेळ आली तर ते सापडेना. मूर्ती मी भक्तीने जपल्या होत्या की यांच्यावरच्या रागाने? राग काढला तर मागे किती देव उरतो, हे कधी बघितलंच नव्हतं. मी खिडकीबाहेर गहू बघत बसले.

उत्तर मी होळी झाल्यावर दिलं. स्वयंपाकघरातल्या फळीवर दोघांना मांडलं. रोज आंघोळीनंतर पाच मिनिटं उभी राहते. कधी मन लागतं, कधी नुसती भाजीची यादी डोक्यात येते. पहिल्या दिवशी हे बाहेरून "पोहे?" म्हणून ओरडले होते. आता पेपर वाचत गप्प बसतात. एवढीच आमच्या घरातली धर्मक्रांती.

गेल्या महिन्यात ते दोघं आले होते. जेवणं झाली आणि पुरुषांचा वाद पुन्हा सुरू झाला, या वेळी पुनर्जन्मावर. मध्येच भावजींना काय वाटलं कोण जाणे, आम्हा दोघींकडे वळून अदबीने म्हणाले, "आपलं दोघींचं काय मत?"

हेही मान तिरकी करून थांबले. पण आम्हा दोघींचा सिनेमा तीनचा होता आणि खाली ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.