टिटवीने दिलेली बढती

उन्हाळ्याच्या सकाळी देवगाव फाट्यावर एसटीतून उतरले, की तापू लागलेल्या ढेकळांचा मातकट वास आधी येतो आणि मागोमाग, कुठल्या शेतातून ते कळत नाही, टिटवीचा तो तीक्ष्ण, तक्रारखोर स्वर. सेलूला कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. येत्या महिन्यात निवृत्त होईन. उभी हयात या एका स्वरामागे उन्हातान्हात हिंडण्यात गेली, आणि खरे सांगू? इतके सुख मला दुसऱ्या कशाने दिले नसते.

टिटवी उघड्या रानात चार खडे गोळा करून त्यांत अंडी घालते. मुंगूस आले, की ती घरट्यापासून दूर जाऊन आकांत मांडते आणि त्याला भलतीकडे नेते. बैल आला तर मात्र जागची हलत नाही. पंख पसरून त्याच्या खुरांपुढेच उभी ठाकते. बैल अंडी खात नाही, नुसता तुडवतो, हे तिला कुणी शिकवले? असंख्य पिढ्यांचे शहाणपण त्या मूठभर देहात कसे उतरले असेल? याच प्रश्नांवर माझी प्राध्यापकी पोसली. मला पाहून मात्र ती नेहमी दूर जाऊनच ओरडायची. तिच्या लेखी माझी गणना मुंगसांत होती.

घरटी पुन्हा सापडावीत म्हणून मी प्रत्येकाजवळ चुना लावलेला दगड ठेवी. दरसाल बहुतेक अंडी फस्त झालेली दिसत. त्यावरून मी मोठ्या ऐटीत एक शोधनिबंध छापला, की काळ्या रानातली टिटवी जागा निवडण्यात कच्ची असते.

मागच्या उन्हाळ्यात गयाबाईंनी ती ऐट उतरवली. फाट्याजवळ त्यांचे थोडे कोरडवाहू रान आहे. वखर त्या स्वतः हाकतात. टिटवी आडवी आली, की बैल थांबतात, गयाबाई वखर उचलून पलीकडे टेकवतात आणि तेवढा तुकडा बिनवखरलेला राहतो. सासऱ्यापासूनची ही रीत. माझा दगड न्याहाळत त्या म्हणाल्या, “मॅडम, राग नका मानू, पर तुमच्या ह्या धोंड्यानंच मुंगसाला वाट घावायलीय. आमच्या तुकड्यातली पिल्लं दरसाल निघत्यात की.”

खूण नसताना तुम्हाला घरटे सापडते कसे, असे मी विचारले.

“मला कशाला सापडाया पायजे? बैलाला टिटवी दिसती, मला बैल दिसतो.”

परतीच्या जीपमध्ये एकच विचार घोळत राहिला. इतक्या वर्षांच्या वह्या, आणि ज्याच्या जोरावर मिरवले तो निबंध, सगळ्यावर माझ्याच चुन्याचा हात फिरला असेल का? फार वाईट वाटले. आणि मग, काय सांगू, हसूच फुटले. मी टिटवीला अडाणी ठरवत होते, तेव्हा मुंगूस माझ्याच वर्गात बसून शिकत होते! चुकीची कबुली देणारे पत्र मासिकासाठी लिहून पिशवीत ठेवले. पण ते धाडण्याआधी गयाबाईंचे म्हणणे पडताळायचे होते, आणि हाती एकच हंगाम उरला होता.

यंदा घरट्यांजवळ काहीच ठेवले नाही. चुन्याचे दगड मुद्दाम रिकाम्या ढेकळांत मांडले. आठवड्याभरात त्या दगडांभोवती मुंगसाच्या पावलांची जत्रा भरली. आणि बिनदगडाच्या घरट्यांतून एकेक करून पिल्ले निघाली. चूक सिद्ध झाल्याचा एवढा आनंद कुणाला झाला असेल?

काल गयाबाईंच्या बैलांशेजारून, त्यांच्याच संथ चालीने मी चालले होते. बैल थांबले, मी मात्र तंद्रीत आणखी दोन पावले पुढे गेले. टिटवी दूर गेली नाही. पंख पसरून, मान ताणून, ओरडत माझ्याच चपलांपुढे उभी राहिली. तिच्या मागे एका अंड्याला आतून बारीक चीर गेली होती.

“मॅडम, तुमाला बी बैलात धरलं हो तिनं,” गयाबाई हसल्या.

नोकरीत एवढी मोठी बढती मला कधी मिळाली नव्हती. फाट्यावरच्या टपालपेटीत ते कबुलीचे पत्र टाकले, तेव्हा शेतातून तोच तक्रारखोर स्वर येत होता. आयुष्यभर त्याने मला घरट्यापासून दूर नेले. काल पहिल्यांदाच तो घरट्यावरून आला.