चिखलात कमावलेला दिवस

जुलैत नाशिककर धबधब्यासमोर सेल्फी काढायला जातात. मी पेठकडे भात लावायला गेले. समाजसेवा वगैरे काही नाही, ऑफिसातली मंदा म्हणाली, "आईचा हात मोडलाय, येतेस का?" आणि मला योगाचा क्लास चुकवायचा होता.

सीबीएसवरून पेठची एसटी मिळते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे कुरकुर नको. पुढे गावापर्यंत जीप. मांडीवर कुणाची तरी कोंबडी येईल, तयारी ठेवा.

मंदाची आई जनाबाई, हाताला प्लास्टर घालून ओट्यावर बसलेली. लावणीची रोपं पिवळी पडायला लागली होती. आणखी उशीर म्हणजे वर्षाचा भात गेला. मी शहाणपणा केला, "मजूर लावू, पैसे मी देते."

"इथं सावड चालती," जनाबाई म्हणाली. "मी तुझ्या शेतात राबायचं, तू माझ्या. औंदा मी कोनाकडं गेलेच नाय. बोलवू कोन्या तोंडानं?"

म्हणून तिच्या वतीने मंदा आणि मी शेजारच्या सखूबाईच्या शेतात उतरलो. गुडघाभर चिखल. मी लावलेली रोपं पाण्यावर तरंगायची आणि मागून एक बाई ती पुन्हा रोवत यायची.

"हिचा दिस धरायचा का?" तिने विचारलं.

"धर," सखूबाई म्हणाली. "किती येळा पडली, त्याचा तरी धर."

रात्री नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी. मी दोन वेळा वाढून घेतली, जनाबाई ताट बाजूला सारून बोटांवर घरं मोजत बसली. हिशेबाने फक्त सखूबाईचं घर येणार होतं, आणि तेवढ्याने शेत उरकणार नव्हतं.

सकाळी सखूबाईच्या मागे अर्धं गाव जनाबाईच्या बांधावर. "बाकीच्यांचे दिस हात जुळल्यावर फेड," सखूबाई म्हणाली. जनाबाई रडली, आणि डोळे पुसायच्या आत ओट्यावरून हुकूम सोडायला लागली. संध्याकाळपर्यंत शेत लावून झालं. तिथेही मी पडलेच.

नाशिकला परतले. कंबर आठवड्याने सरळ झाली. दिवाळीच्या आधी जनाबाईचा फोन आला, "समद्यांचे दिस फेडले, तुझा ऱ्हायला. काम सांग."

मी घरभर पाहिलं. कपड्यांना मशीन, भांड्यांना बाई, भाजीला ॲप. "काम नाही हो, नुसत्या राहायला या."

"नुसती कशी येऊ?" ती खरंच नाराज झाली. "शेजारणीला इचार. तिचं काम मी करते, ती तुझं करंल."

शेजारणीचं नाव मला ठाऊक नव्हतं. चपला घातल्या आणि तिची बेल वाजवली.